फेल्टनला जायचं की नाही? हिवाळी पाऊस आणि पुराचा इशारा

गुलबक्षी | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये पुण्याहून कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलो, त्यामुळे इथला हा आमचा पहिलाच हिवाळा. साताऱ्याहून सासू-सासरे आलेत, मुलगा चार वर्षांचा आहे. नाताळच्या सुट्टीत कुठेतरी जाऊ म्हणून सांताक्रूझच्या डोंगरातल्या फेल्टनला रेडवुडच्या झाडीतलं एक केबिन शुक्रवार ते रविवार घेतलंय. आज दुपारपासून हवामान खात्याचा 'फ्लड वॉच' दिसायला लागला. शुक्रवार दुपार ते शनिवार रात्र, सॅन होजेत दोन-अडीच इंच, सांताक्रूझच्या डोंगरात सहा ते आठ इंच. 'फ्लॅश फ्लड'चा, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा धोका असंही लिहिलंय.

सासऱ्यांनी इंचांचे मिलिमीटर करून पाहिले आणि म्हणाले, "दोनशे मिलिमीटर? आमच्या कोयनेला हा एका रात्रीचा पाऊस. त्यासाठी कोण घरात बसतं?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतंय. पण ऑफिसातली मैत्रीण म्हणते अजिबात जाऊ नका. पैसे परत हवे असतील तर उद्या संध्याकाळी सहाच्या आत कळवायचंय.

दुसरं म्हणजे आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागच्या कुंपणापलीकडे क्रीक, म्हणजे ओढा आहे. आत्ता त्यात गोटे आणि सुकलेलं गवत याशिवाय काही नाही, मुलगा रोज तिथे दगड मारायला जातो. त्याची काळजी करायची का? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

पेरूची_फोड | मंगळवार, रात्री १०:५२

सासऱ्यांना साष्टांग नमस्कार. कोयनेचा माणूस पावसाला घाबरायला लागला तर आपण कुणाकडे बघायचं! पण केबिन रद्द करा.

घाटवाट | मंगळवार, रात्री ११:३५

गुलबक्षी, फेल्टनला जाऊ नका. नुसतं 'जाऊ नका' म्हणून पटत नाही, म्हणून कारणं देतो. मला बे एरियात सव्वीस वर्षं झाली, त्यातली चार बेन लोमंडला, म्हणजे फेल्टनच्या शेजारीच काढली.

तुमचे सासरे साताऱ्याचे आहेत ना, मग त्यांना असं सांगा: सांताक्रूझचे डोंगर म्हणजे महाबळेश्वर आणि सॅन होजे म्हणजे वाई. वारा नैऋत्येकडून येतो, डोंगराला धडकतो, वर चढतो आणि तिथेच रिकामा होतो. सॅन होजेला वर्षाकाठी जेमतेम पंधरा इंच पाऊस, आणि मधे तासाभराचा रस्ता सोडला तर पलीकडे बोल्डर क्रीकला पन्नासच्या आसपास. तुम्ही राहता वाईत आणि सुट्टी काढताय महाबळेश्वरात, तेही पाऊस तिथेच उतरणार असताना.

कोयनेचा डोंगर दर पावसाळ्यात चार महिने असा पाऊस घेतो. तिथले ओढे, मोऱ्या, छपरं, माणसांच्या सवयी, सगळं त्यावर बेतलेलं आहे. इथे मे ते ऑक्टोबर थेंब नसतो. मग एका दीड दिवसात सगळं येतं. सॅन लोरेंझो नदी फेल्टनमधूनच वाहते आणि काही तासांत चढते. हायवे ९ वर दरड येतेच. तुमचं केबिन बहुतेक एखाद्या एकेरी रस्त्याच्या टोकाला असणार. एक रेडवुड आडवं झालं की रस्ता गेला, वीज गेली, फोनची रेंजही गेली. चार वर्षांचं मूल आणि दोन वयस्कर माणसं घेऊन तिथे अडकायचं नाही.

आणि डोंगर उतरतात हो इथेही. १९८२ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असाच पाऊस झाला आणि बेन लोमंडजवळ लव्ह क्रीकला रात्री डोंगराची कड सुटली. दहा माणसं गाडली गेली. आपल्याला माळीण, तळीये, इर्शाळवाडी माहीत आहेत, मग समजवायला लागू नये.

'वॉच' आणि 'वॉर्निंग' यांतला फरक लक्षात ठेवा. वॉच म्हणजे डाळ-तांदूळ काढून ठेवलेत. वॉर्निंग म्हणजे कुकरची शिट्टी झाली.

रामफळ | बुधवार, सकाळी ७:१५

मी थोडं वेगळं सांगतो, रागावू नका. गेल्या हिवाळ्यात याच इशाऱ्यांवर विश्वास ठेवून मी तीन बेत रद्द केले. एकदा टाहो, एकदा मेंडोसिनो, एकदा मुलीच्या वाढदिवसाची सहल. तिन्ही वेळा आमच्याकडे अंगण ओलं होण्यापलीकडे काही झालं नाही. दर आठवड्याला 'ऐतिहासिक वादळ' म्हणून ओरडायचं, मग माणूस कधी ऐकणार? लांडगा आला रे आला होतंय हे. शुक्रवारी सकाळचा अंदाज बघून ठरवलं तर काय बिघडेल? पैसे जातील, पण मुलाची सुट्टी तर वाचेल.

खमंग | बुधवार, सकाळी ७:४०

जायचं असो नसो, डाळीचं पीठ, कांदे आणि ओवा भरून ठेवा. भजी घरातही होतात.

पर्वती_पायथा | बुधवार, सकाळी ८:२०

रामफळ, तुमची चिडचिड समजते. पण माझा अनुभव लिहिते, तो वाचून ठरवा.

२५ सप्टेंबर २०१९. मी तेव्हा सहकारनगरला आंबिल ओढ्याच्या कडेला राहायची, पहिल्या मजल्यावर. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ओढा म्हणजे वासाची एक बारीक गटार. संकष्टीच्या दिवशी खिडकी लावून घ्यायची एवढाच त्याच्याशी संबंध, कारण मोदक उकडताना वास नको. त्या रात्री पाऊस जोरात होता पण पुण्यात असा पाऊस पाहिलेला होता. साडेदहाच्या सुमारास खालून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. बाल्कनीत गेले तर पार्किंगमधल्या दुचाक्या तरंगत एकमेकींवर आपटत होत्या. एका ॲक्टिव्हाच्या सीटवर आमच्या वॉचमनचं मांजर बसलेलं आणि ती ॲक्टिव्हा हळूहळू फाटकाकडे निघालेली. पाच मिनिटांनी सोसायटीची मागची भिंत गेली. मग लिफ्टच्या खड्ड्यात पाणी पडायला लागलं, तो आवाज अजून कानात आहे. तळमजल्यावरच्या काकू आणि त्यांची आई आमच्याकडे वर आल्या त्या नेसत्या वस्त्रानिशी. आजींना दोघांनी उचलून आणलं. त्यांच्या घरात पाणी ओट्यापर्यंत चढायला वीस मिनिटं लागली नसतील.

त्या रात्री पुण्यात आणि आसपास वीसच्या वर माणसं गेली. अरण्येश्वरला भिंत कोसळून गेली ती आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

गुलबक्षी, तू पुण्याची आहेस म्हणून सांगते. कोरड्या ओढ्यावर विश्वास ठेवू नकोस. तो ओढा वर्षानुवर्षं कोरडा असतो म्हणूनच त्याच्या पात्रात कुंपणं, झुडपं, कचरा, जुन्या गाद्या येऊन बसतात, आणि पाणी आलं की तेच सगळं पुलाखाली अडकतं.

रामफळ | बुधवार, सकाळी ८:४५

ताई, वाचून अंगावर काटा आला. भिंतीबद्दल माहीत होतं, पण असं जवळून कधी ऐकलं नव्हतं. क्रीकच्या बाबतीत मी गप्प बसतो. पण अंदाजाबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.

धुकं | बुधवार, सकाळी ९:३०

रामफळ यांच्या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण तो बऱ्याच जणांच्या मनात असतो. माझं शिक्षण जलविज्ञानातलं, नोकरीही त्यातलीच.

वादळ 'आलं नाही' असं आपण आपल्या अंगणावरून म्हणतो. अतिवृष्टीचा जो राष्ट्रीय नकाशा रोज निघतो त्यात चार पायऱ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, मॉडरेट, हाय. त्यांचा अर्थ असा की तुमच्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आत कुठेतरी जमिनीला झेपणार नाही इतका पाऊस कोसळण्याची शक्यता अनुक्रमे निदान ५, १५, ४० आणि ७० टक्के आहे. 'स्लाइट' सांगितलं आणि दहापैकी आठ वेळा काही झालं नाही, तर अंदाज बरोबर ठरला असंच म्हणायचं. 'हाय' वर्षातून फार थोड्या दिवशी दिलं जातं. तेव्हा बातम्यांचे मथळे वाचू नका, पायरी कोणती आहे ते बघा. आत्ता शुक्रवारसाठी सांताक्रूझच्या डोंगरावर 'मॉडरेट' आहे. मी या शक्यतेवर माझ्या मुलांना तिथे नेणार नाही.

आता हा पाऊस येतो कुठून ते. प्रशांत महासागरावर बाष्पाचा एक लांबच लांब पट्टा तयार होतो, काहीशे किलोमीटर रुंद आणि हजारो किलोमीटर लांब. त्यालाच ॲटमॉस्फेरिक रिव्हर म्हणतात. हवाई बेटांकडून येणारा असेल तर लोक त्याला पाइनॲपल एक्स्प्रेस म्हणतात. जोरदार पट्ट्यात मिसिसिपी नदी मुखाशी जेवढं पाणी ओतते त्याच्या साडेसात ते पंधरा पट बाष्प वाहतं. हे बाष्प डोंगराला अडलं आणि वर चढलं की पाऊस. २०१९ पासून स्क्रिप्स संस्थेतल्या मार्टी राल्फ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली एक ते पाचची मोजपट्टी वापरतात. एक म्हणजे बहुतांशी उपयोगाचा, पाच म्हणजे बहुतांशी घातक. तीत जोर आणि मुक्काम दोन्ही धरलेत. मध्यम जोराचा पट्टा एकाच जागी दोन दिवसांहून जास्त थांबला तर तो तडक येऊन जाणाऱ्या जोरदार पट्ट्यापेक्षा वाईट.

आणि आधी काय पडलंय ते बघायचं. २६ डिसेंबर २०२२ ते १७ जानेवारी २०२३ या तीन आठवड्यांत कॅलिफोर्नियावर असे नऊ पट्टे आले. त्यातले सगळेच काही भयंकर नव्हते. पण पहिल्या तीन-चारांनी जमीन भिजवून टाकली आणि पुढचा प्रत्येक थेंब सरळ ओढ्यात गेला. यंदा गेल्या आठवड्यात दोनदा पाऊस झालाय. मातीत जागा उरलेली नाही.

घाटवाट | बुधवार, सकाळी ९:५०

धुकं, उत्तम. त्याच काळातलं ३१ डिसेंबर २०२२ आठवतंय. सॅन फ्रान्सिस्कोत दिवसभरात ५.४६ इंच पडला. १८४९ पासूनच्या नोंदींत त्याच्यापेक्षा मोठा दिवस एकच, ५ नोव्हेंबर १९९४ चा. नव्या वर्षाच्या पार्टीला निघालेले आमचे मित्र हायवे १०१ वर गाडीत अडकले होते.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी १०:१५

मी सांगलीचा, सध्या सॅक्रामेंटोला. आमचा पूर वेगळा असतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाची पातळी किती फूट झाली, हे दोन आकडे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. पाणी येतं ते सांगून येतं. माणूस गाद्या माळ्यावर टाकतो, जनावरं हलवतो, शेजाऱ्याला हाक मारतो. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा आम्ही पायऱ्या मोजत बसलो होतो. नुकसान अतोनात झालं, पण वेळ मिळाला.

फ्लॅश फ्लडमध्ये तो वेळच नसतो. म्हणून 'पाणी दिसलं की निघू' हा हिशेब इथे चालत नाही. आपल्याकडच्या नदीकाठच्या माणसांना हीच सवय मोडायला जड जाते, मलाही गेली.

पेरूची_फोड | बुधवार, सकाळी १०:२०

+१. वाचनखूण साठवली.

जुना_नकाशा | बुधवार, दुपारी १२:०५

सॅक्रामेंटोचा विषय निघालाच आहे तर अवांतर लिहितो. १८६१ च्या डिसेंबरात सुरू झालेला पाऊस १८६२ च्या जानेवारीत थांबता थांबेना. मधल्या खोऱ्यात शेकडो मैल लांबीचं तळं झालं. १० जानेवारी १८६२ ला लेलँड स्टॅनफर्ड गव्हर्नरपदाच्या शपथेला गेले ते होडीतून. हो, ज्यांच्या नावाचं विद्यापीठ तेच. परत आल्यावर घरात शिरायला वरच्या मजल्याची खिडकी वापरावी लागली असं सांगतात. शेवटी विधिमंडळ उठून सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. पुढे सॅक्रामेंटोच्या लोकांनी रस्ते भर घालून उचलले, जुन्या भागात आजही काही इमारतींचे मूळ तळमजले जमिनीखाली आहेत आणि ते दाखवायला सहली निघतात. सासऱ्यांना आवडेल, पाऊस ओसरल्यावर जरूर न्या.

खमंग | बुधवार, दुपारी १२:१०

होडीतून शपथविधी! म्हणजे नाव काढलं माणसाने.

दक्षिणवारा | बुधवार, दुपारी १:३०

मी लॉस एंजेलिसच्या बाजूला राहते. आमच्याकडे जळलेल्या डोंगराखालच्या लोकांना पाऊस या शब्दाचाच धसका आहे. आग इतकी तापते की मातीवर मेणासारखा थर बसतो आणि पाणी मुरतच नाही. डांबरी रस्त्यावर पडावं तसं घरंगळतं, आणि येताना राख, माती, मोटारीएवढे दगड घेऊन येतं.

माँटेसिटोचं सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये थॉमस नावाची मोठी आग, आणि ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे पाच मिनिटांत अर्धा इंच पाऊस. बस, तेवढाच. २३ माणसं गेली. आदल्या दिवशी घरं सोडा म्हणून सांगितलं होतं. काही भागात सक्ती होती, काही भागात ऐच्छिक. ऐच्छिक भागातली कितीतरी घरं गाळात गेली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: ऐच्छिक शब्द दिसला की तो सक्तीचाच समजायचा.

सांताक्रूझच्या डोंगरातही ऑगस्ट २०२० मध्ये विजांनी लागलेली मोठी आग होती ना? आता पाच-सहा वर्षांत झाडोरा आलाय, पण जळालेली मुळं कुजून उतार सैल होतात ते नंतरच.

धुकं | बुधवार, दुपारी १:५०

बरोबर. छियाऐंशी हजार एकरांवर जळलं होतं तेव्हा. पाणी न मुरण्याचा प्रकार दोन-तीन वर्षांत ओसरतो, मुळं कुजण्याचा त्यानंतर सुरू होतो.

गुलबक्षी | बुधवार, दुपारी ४:१०

सगळ्यांचे खूप आभार. केबिन रद्द केलं. नवऱ्याला पटलं होतंच, मुलाला 'घरात तंबू ठोकू' सांगून मनवलं. सासऱ्यांना महाबळेश्वर-वाई वाचून दाखवलं तर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे कृष्णाकाठ यांचं क्युसेकचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

आता मुख्य काळजी क्रीकची. पर्वतीताईंचं वाचल्यापासून मी सारखी मागच्या दारात जाऊन बघतेय.

घाटवाट | बुधवार, दुपारी ४:४०

शाब्बास. क्रीक कोणती, कोयोटी? नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. कोयोटी क्रीक २१ फेब्रुवारी २०१७ ला सॅन होजेत शिरली तेव्हा चौदा हजार लोकांना घरं सोडावी लागली आणि रॉक स्प्रिंग्ज वस्तीतून माणसं बोटीतून काढली. लक्षात घ्या, मोठा पाऊस आदल्या दिवशी पडून गेला होता. वरचं अँडरसन धरण भरून सांडव्यावरून वाहत होतं, ते पाणी शहरात यायला वेळ लागला. आता ते धरण भूकंपाच्या कामासाठी रिकामं ठेवलंय, त्यामुळे तसंच्या तसं व्हायची भीती कमी. पण पाऊस थांबला म्हणजे पाणी उतरलं असं धरू नका.

आत्ता करायच्या गोष्टी: तुमचा पत्ता पूररेषेत येतो का ते सरकारी नकाशावर बघा. खोऱ्याच्या पाणी खात्याकडून भरलेल्या रेतीच्या पिशव्या फुकट मिळतात, उद्या सकाळीच आणा, शुक्रवारी रांग असते. पिशव्या दारासमोर विटा रचतात तशा सांधे चुकवून रचायच्या, खाली प्लास्टिक घालून. पासपोर्ट, औषधं, सासऱ्यांचा चष्मा एका पिशवीत दाराजवळ. गाडी बेसमेंटमध्ये असेल तर वर काढा. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी आजच बोलून ठेवा.

पर्वती_पायथा | बुधवार, दुपारी ४:५५

शेजाऱ्याशी बोलायचं ते सगळ्यात आधी. आमच्याकडे आजी वाचल्या त्या जिन्यामुळे आणि दोन माणसांमुळे.

पिवळा_छत्रीवाला | बुधवार, संध्याकाळी ५:३०

भाड्याने राहणाऱ्यांसाठी: तुमचा रेंटर्स इन्शुरन्स पुराचं नुकसान देत नाही. छपरातून गळलं तर वेगळं, जमिनीवरून पाणी शिरलं तर वेगळं. पुराचा विमा स्वतंत्र घ्यावा लागतो, भाडेकरूला फक्त सामानाचाही मिळतो, पण सरकारी योजनेत सहसा तो ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे या वादळाला उपयोग नाही, फेब्रुवारीच्या वादळाला आहे. आम्ही तीन वर्षांपूर्वी हे न वाचता सही केली आणि दोन गालिचे, एक पलंग आणि लग्नाचा अल्बम गमावला. अल्बमचं दुःख अजून जात नाही.

मस्कतकर | बुधवार, रात्री १०:२० (आमच्याकडे गुरुवार सकाळ)

आमच्याकडेही हिवाळ्यातच पाऊस. ओमानमध्ये वादी म्हणजे कोरडं पात्र, त्यातूनच रस्ते जातात. आकाश निळं असतं, तीस-चाळीस किलोमीटरवर डोंगरात कोसळतो आणि वादीत भिंतीसारखं पाणी येतं. वाहत्या वादीत गाडी घालणं हा इथे गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकतं. तरी दर हिवाळ्यात कुणीतरी फोर-व्हीलच्या जोरावर उतरतंच. सौदीत जेद्दाहला २५ नोव्हेंबर २००९ ला शंभरावर माणसं गेली, कित्येक गाडीतच.

गाडीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा: सहा इंच वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, एक फूट पाणी बहुतेक छोट्या गाड्या वाहून नेतं, दोन फुटांत एसयूव्हीही जाते. पाण्याखाली रस्ता उरलाय की नाही ते वरून कळत नाही.

रामफळ | गुरुवार, सकाळी ८:३०

मस्कतकर, हे मात्र शंभर टक्के. बायकोशी रात्री बोललो, शुक्रवारी ऑफिसला हायवे १७ वरून जायचं होतं, घरून काम करतो असं कळवलं. धुकं, ती पायरी बघायची युक्ती आवडली. आजही 'मॉडरेट'च आहे.

धुकं | गुरुवार, सकाळी ९:००

आणखी एक. फोनचा भोंगा प्रत्येक फ्लॅश फ्लड वॉर्निंगला वाजत नाही. नुकसान बरंच होईल किंवा भयंकर होईल असा शेरा असेल तरच वाजतो. तेव्हा भोंगा वाजला नाही म्हणजे वॉर्निंग नाही असं समजू नका, आणि वाजला तर पुन्हा झोपू नका. फोन सायलेंटवर ठेवून झोपणाऱ्यांनी सेटिंगमध्ये सरकारी इशारे चालू आहेत ना ते आजच बघा.

आणि या दिवसांत किंग टाइड, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी भरती असते. सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागरच भरलेला असला की क्रीकचं पाणी जाणार कुठे? २६ जुलै २००५ ला मिठी नदीचं जे झालं त्यात भरतीचा वाटा मुंबईकरांना सांगायला नको. शनिवारी सकाळी भरती आहे.

गुलबक्षी | गुरुवार, दुपारी २:३०

रेतीच्या पिशव्या आणल्या, वरच्या मजल्यावरच्या फिलिपिनो काकूंशी बोलले, त्यांनी किल्लीच देऊन ठेवली.

एक विचारायचं आहे. क्रीकच्या पात्रालगत एक माणूस निळ्या तंबूत राहतो. सासूबाई रोज संध्याकाळी फिरायला जाताना त्याला हात करतात. सकाळपासून त्या विचारताहेत, त्याला कुणी सांगितलंय का? मी कुणाला फोन करू?

घाटवाट | गुरुवार, दुपारी २:४५

आभार विचारल्याबद्दल. २११ ला फोन करा, काउंटीचे निवारे उघडले का ते सांगतात. पूर आला की पहिला फटका पात्रात राहणाऱ्यांनाच बसतो. तुमच्यातलं कुणी दोघे उजेडात जाऊन स्वतः सांगा. सोबत काळ्या मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या न्या, सामान बांधायला लागतात.

गुलबक्षी | शनिवार, पहाटे ३:२०

जागीच आहे. रात्री ११:४० ला वॉर्निंग आली, भोंगा वाजला नाही, धुकं म्हणाले तसंच. मुलगा आणि सासूबाई दहा वाजल्यापासून वर काकूंकडे झोपलेत.

काल दुपारी जिथे गोटे होते तिथे आता चहाच्या रंगाचं पाणी आहे आणि आवाज घाटातल्या ट्रकसारखा. मधेमधे दगडावर दगड आपटल्याचा ठोका जमिनीतून पायाला कळतो. एक आख्खं झाड मुळांसकट गेलं, मग खरेदीची ढकलगाडी. सासऱ्यांनी संध्याकाळीच कुंपणाच्या खांबावर मुलाच्या खडूने वीतभर अंतराने रेघा मारून ठेवल्या होत्या. बॅटरी मारून दर पंधरा मिनिटांनी बघताहेत आणि माझ्या जुन्या डायरीत वेळ लिहिताहेत. फोनवर वरच्या अंगाला असलेल्या मोजणी केंद्राचा आलेखही त्यांनीच शोधून काढला. म्हणतात, "वर उतरायला लागलंय, इथे दोन तासांनी उतरेल. तिसरी रेघ ओलांडली तर विचारत बसू नका, वर चला."

आत्ता दुसऱ्या रेघेच्या खाली चार बोटं आहे.

पर्वती_पायथा | शनिवार, पहाटे ३:२५

मी पण जागी आहे. दर वेळी लिहीत राहा गं.

रामफळ | शनिवार, पहाटे ३:४०

इथे वीज गेली. फोनवरून वाचतोय. हायवे १७ दोन्ही बाजूंनी बंद आहे.

गुलबक्षी | शनिवार, पहाटे ४:१०

दुसऱ्या रेघेवर.

गुलबक्षी | शनिवार, पहाटे ४:५५

तिथेच. चढलं नाही.

गुलबक्षी | शनिवार, सकाळी ६:३५

उतरलं, वीतभर. सासरे डायरी उशाशी घेऊन सोफ्यावर झोपलेत. भरती अजून व्हायची आहे, म्हणून पिशव्या हलवत नाही.

खमंग | शनिवार, सकाळी ७:०५

आज त्यांना पहिला घाणा तुमच्याकडून, दुसरा माझ्याकडून.

गुलबक्षी | रविवार, दुपारी १२:२०

घरात पाणी आलं नाही. कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या, मागच्या पायवाटेवर ढोपरभर गाळ आहे. केबिनच्या मालकांचा मेसेज आला: त्यांच्या रस्त्यावर झाड पडलंय, अजून वीज नाही, शुक्रवारी आलेलं एक कुटुंब अजून तिथेच आहे, सगळे सुखरूप आहेत.

निळ्या तंबूतला माणूस शुक्रवारी दुपारीच गेला होता. नवरा आणि सासूबाई सांगायला गेले तेव्हा तो बांधाबांध करत होता. त्याला धपाट्यांचा डबा दिला. तंबूची जागा आता पात्रातच आहे. तो कुठल्या निवाऱ्यात आहे ते कळलं नाही, उद्या पुन्हा फोन करून विचारते.

रेतीच्या पिशव्यांचं काय करायचं? परत घेतात का?

घाटवाट | रविवार, दुपारी १२:४५

भिजल्या नसतील तर ठेवून द्या, उन्हात नको, ताडपत्रीखाली. क्रीकच्या पाण्यात भिजल्या असतील तर त्या पाण्यात काय काय असतं ते सांगायला नको, हातमोजे घालून उचला आणि कचरा खात्याला विचारा. मुलाला आठवडाभर गाळात जाऊ देऊ नका, कितीही दगड दिसले तरी. आणि खांबावरच्या रेघा पुसू नका. बुधवारी पुढचा पट्टा येतोय, आत्ता तरी 'स्लाइट' आहे.